एका ताग्यातल्या दोन हाफ पँटी

मार्केट यार्डाच्या कांदा-बटाटा विभागात आडतीचा गाळा असलेल्या संभाजी हरगुडे यांनी फेब्रुवारीत एक जाहीर विधान केले आणि मार्चच्या अखेरीस त्यांचा उजवा पाय मोडला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध आहे, असे त्यांच्या चुलत्यांचे मत होते. माझे नव्हते. पाय मोडला, कारण अंगावर कोसळलेली गोण्यांची थप्पी ज्या गोणीवर उभी होती तिच्यातले कांदे सडले होते. सडलेल्या कांद्याला भार पेलत नाही; कोण काय बोलले होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

विधान असे होते : “माझ्या पोरीच्या लग्नात दारात मी स्वतः उभा राहणार. ज्याला यायचंय त्यानं माझ्या तोंडाकडं बघून आत यायचं.”

संभाजी हरगुडे हे माझ्या थोरल्या बहिणीचे, भाग्यश्रीताईचे, यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो. ते मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा अंश असल्याचे मला कधी आढळलेले नाही. मी मांजरी गावच्या संशोधन केंद्रात उसावर काम करतो. उसाचे पान उन्हात किती पाणी गमावते हे मोजणे हा माझा व्यवसाय आहे. एवढ्यासाठी माणसाला पगार कसा मिळतो, हे कोडे दाजींना अजून सुटलेले नाही.

विधानामागे कारण होते. माझी भाची सृष्टी हिचे लग्न सुगत गजभिये याच्याशी ठरले होते. हरगुडे मराठा, गजभिये बौद्ध, मूळचे नागपूरचे, आता विश्रांतवाडीला स्थायिक. होकार द्यायला दाजींनी पुष्कळ काळ घेतला आणि त्या काळात ते जे जे बोलले त्यातले बरेचसे त्यांना स्वतःलाच आता आठवायला नको असते. पण एकदा होकार दिल्यावर तो अर्धामुर्धा देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. यार्डात त्यांच्या पाठीमागे कुजबुज चालते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून दारात उभे राहण्याची घोषणा. मुलीचा बाप दारात हसतमुखाने उभा असला की कुजबुजणाऱ्याचे काम संपते. तो दारात नसला, तर मात्र त्याचा पाय मोडल्याचे कारण कोणीही ऐकून घेणार नाही. बापाला मान्य नव्हते, एवढेच लोक घरी घेऊन जातील.

पायाला रिंगा बसवल्या होत्या. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पोटरीभोवती स्टीलची कडी, आणि त्या कड्यांतून हाडात आरपार गेलेल्या तारा. वॉकर धरून चालायला, थोडा वेळ उभे राहायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, किंबहुना आग्रह धरला होता. अडचण वस्त्रांची होती. फुल पँट त्या कड्यांवरून जात नाही. लुंगीचा काठ पहिल्याच दिवशी तारेच्या टोकाला अडकला आणि दाजींनी जो आवाज काढला त्याने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. धोतराचा निकाल त्याच प्रयोगात लागला. शिवाय लग्न मे महिन्यात, मांजरीच्या एका लॉनवर, सकाळी. तारांभोवतीच्या जखमा उघड्या आणि कोरड्या राहिल्याच पाहिजेत, असे डॉक्टरांनी बजावले होते.

दाजी पंचवीस वर्षे पांढरी, कडक इस्त्रीची फुल पँट घालून गाळ्यावर बसत आले आहेत. कांद्याच्या पातीत आणि धुळीत ती पांढरी कशी राहते, हा यार्डात कुतूहलाचा विषय आहे. त्यांच्या गुडघ्यांचे दर्शन मला त्या अपघातापूर्वी झालेले नव्हते.

“मी आतल्या खोलीत बसतो,” एप्रिलमधल्या एका रविवारी, बिबवेवाडीच्या त्यांच्या घरी, दाजींनी जाहीर केले. “ज्याला भेटायचंय तो आत येईल.”

“आणि दारात कोण, बाबा? मामा?” सृष्टीने विचारले.

“का? शास्त्रज्ञ उभा राहील की.”

“मामा लोकांना नमस्कार करायच्या आधी पुरावा मागेल.” तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. ड्रेस शॉर्ट्स. फॉर्मल असतात. वरती जॅकेट, शर्ट, सगळं प्रॉपर. समर वेडिंगला घालतात लोक.”

दाजींनी चष्मा लावून चित्र पाहिले. “ही हाफ पँट हाय.”

“बाबा, ड्रेस शॉर्ट्स.”

“इस्त्री केली म्हणून हाफ पँटीची फुल होती का? पोरं मैदानात घालतात ते घालून मी यार्डाच्या माणसांपुढं उभा राहू?”

“अहो, मग उभं राहू नका,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आत बसा. मी सांगते सगळ्यांना, ह्यांना गुडघ्यांची लाज वाटते. पोरीच्या लग्नापेक्षा जास्त.”

यावर दाजींनी चष्मा काढून ठेवला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुला काय वाटतं?”

मला काय वाटते याला महत्त्व नाही, असे मी सांगितले. मोजून पाहावे लागेल.

ताईबरोबर लक्ष्मी रस्त्यावर जाऊन मी टेरिकॉट, सुती ट्विल, शुद्ध लिनन आणि लिनन-सुती मिश्रण असे चार नमुने आणले. सारख्या आकाराचे तुकडे कापून त्यांना सारखेच पाणी पाजले, प्रयोगशाळेत पंख्याखाली टांगले आणि थोड्या थोड्या वेळाने तोलले. उसाच्या पानावर करतो तेच काम. फरक इतकाच, की कापड तक्रार करत नाही आणि पान करते. टेरिकॉटने घामाशी असहकार पुकारला. लिनन सर्वांत आधी सुकले, परंतु ते गुंडाळून मी खुर्चीत एकदा बसून उठलो तेव्हा त्याचा चेहरा नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा दिसू लागला. मिश्रण सुकण्यात दुसरे आले आणि सुरकुत्या न पडण्यात टेरिकॉटच्या खालोखाल. ताईला सायीचा रंग हवा होता. जखमांवर लावायच्या तपकिरी औषधाचे थेंब मी तिच्या डोळ्यांपुढे आणले आणि दगडी पाटीसारखा निळसर राखाडी रंग ठरला.

कापड दुप्पट घ्यावे लागले. हरगुड्यांकडे एक रीत आहे : लग्नात दोन्ही व्याह्यांनी एकाच ताग्यातल्या कापडाचे कपडे घालायचे आणि ते एकाच शिंप्याने शिवायचे. त्या दिवशी दोघांत थोरला कोण आणि धाकटा कोण, हे कपड्यांवरून कळू नये, असा उद्देश सांगतात. या घराण्याच्या बहुतेक रीतींविषयी मी साशंक आहे. ही मात्र मला विचारपूर्वक केलेली वाटते. सुगतच्या वडिलांनी, धर्मपाल गजभिये यांनी, दाजींचा पाय मोडण्यापूर्वीच मंडईजवळच्या क्षीरसागर टेलरकडे जाऊन बंडी आणि फुल पँटीची मापे दिली होती. ते पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले अभियंते. कमी बोलणारे. दाजींच्या मते फारच कमी.

दाजींचे नवे माप घ्यायला धोंडिबा क्षीरसागर स्वतः बिबवेवाडीला आले. दाजींच्या सगळ्या पांढऱ्या पँटी त्यांनीच शिवलेल्या. गळ्यातला टेप काढून ते गुडघ्यांसमोर उकिडवे बसले.

“हाफ पँट मी शाळेचीच शिवलेली आहे, शेठ,” ते म्हणाले. “शाळेची शिवताना आतून वाढीला कापड ठेवतो. पोरं वाढतात. तुम्हांला ठेवू का?”

“ठेवा. पोटाला.”

लांबीवर वाद झाला. दाजींना ती शक्य तितकी खाली हवी होती. मी गुडघ्याच्या वाटीचा वरचा काठ ही मर्यादा सुचवली. त्याखाली गेली तर सकाळी पर्वतीवर फिरायला आलेल्या निवृत्तांची बर्म्युडा दिसते आणि फार वर गेली तर पोलीसभरतीतला उमेदवार. खिसे आतले, बाहेर थैल्या नकोत. पुढे दोन्हीकडे एकेक चुणी, कारण चुणी नसली की बसताना मांडीवर कापड ताणते. पायाचा घेर मांडीपासून तीन बोटे सुटा : अधिक झाला तर घागरा. पट्टा हवाच, आणि शर्ट आत खोचलेला. शर्ट बाहेर सोडला की हाफ पँट ताबडतोब घरगुती होते. हे नियम मी कुठे वाचले नव्हते. दाजींना आरशापुढे उभे करून, एकेक गोष्ट बदलून, बाकीच्या स्थिर ठेवून काढले होते.

“ह्याला पगार देतात,” दाजी क्षीरसागरांना म्हणाले.

लग्नाच्या आठवड्यात कपडे आले. दाजींनी ते घालून पाहिले, आरशात पाठमोरेही पाहिले, आणि निर्णय दिला : “कपडा चांगला हाय. माणूस आत खोलीतच बरा.” दारात उभे राहण्याचा प्रश्न म्हणजे होता तिथेच होता.

बुधवारी सकाळी सुगतचा सृष्टीला फोन आला. क्षीरसागरांनी गजभियांचे कपडे थेट विश्रांतवाडीला पोचते केले होते. सुगतच्या बाबांनी पार्सल उघडले, बंडी पाहिली, तिच्याखालची हाफ पँट उचलून धरली, पुन्हा घडीवर घडी घालून टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तेव्हापासून ते बोललेले नव्हते.

दाजींनी क्षीरसागरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला.

“चूक कसली?” क्षीरसागर म्हणाले. “जोडीचं कापड मी एकावर एक अंथरून एकाच रेषेत कापतो. वडिलांपासून तसंच. कंबरसुद्धा दोघांची सारखी निघाली. तुम्ही म्हणालात, फुल नको, हाफ. मग एकाची आखूड आणि एकाची लांब केली, तर ती जोडी कसली, शेठ?”

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही. दाजींनी मोबाइल पलंगावर टाकला.

“सुगत काय म्हणतो?” त्यांनी सृष्टीला विचारले.

सृष्टी रडण्याच्या बेतात होती, पण तिने उत्तर नीट दिले. “तो म्हणतो, चूक असणार हे त्याला कळतंय. पण बाबा, त्यांच्याकडं कपड्यांचं वेगळं आहे. त्याचे बाबा घरीसुद्धा कधी फुल पँटशिवाय नसतात. आणि तुमच्याकडून आलीये म्हटल्यावर… सीरियसली, कुणालाही वाटेल.”

“काय वाटेल?”

“तुम्हांला माहितेय काय वाटेल.”

दाजींना माहीत होते. त्यांचा चेहरा पाहून मलाही कळले, की पाय मोडला तेव्हा ते इतके घाबरले नव्हते.

“फोन लावून देऊ?” ताईने विचारले.

“हे फोनवर सांगायचं नसतं. दिग्विजय, गाडी काढ.” दाजी मला नावाने हाक मारतात तेव्हा प्रकरण गंभीर असते.

“अहो, जाणार काय घालून?”

या प्रश्नाला एकच उत्तर होते. व्याह्याच्या घरी घरातल्या चड्डीवर जाता येत नाही. दहा मिनिटांनी दाजी खोलीतून बाहेर आले ते पांढरा शर्ट, बंडी, पट्टा आणि पाटीच्या रंगाची हाफ पँट घालून. डाव्या पायात काळा बूट, उजव्यात दवाखान्यातली जाड चप्पल. वॉकर पुढे सरकवत ते लिफ्टमध्ये शिरले, आणि त्यांनी ज्या जगापासून एवढे दिवस गुडघे लपवले होते ते जग तळमजल्यावर उघडले.

पार्किंगमधल्या बाकावर सोसायटीचे दीक्षित काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, रिंगा पाहिल्या, गुडघे पाहिले.

“काय संभाजीराव, कितवीत?”

“नापास झालोय,” दाजी न थांबता म्हणाले. “सरांना भेटायला चाललोय.”

दीक्षित काका उठले आणि त्यांनी गाडीचे दार उघडून धरले. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणासाठी काही उघडून धरल्याचे मला आठवत नाही.

विश्रांतवाडीच्या त्या इमारतीला लिफ्ट नाही. गजभिये दुसऱ्या मजल्यावर राहतात. दाजींनी एक हात कठड्यावर आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. वॉकर मी बगलेत धरला. पहिल्या जिन्यानंतर त्यांनी थांबून विचारले, “बंडीला घाम आलाय का?” आला नव्हता. कापडाविषयी मला समाधान वाटले, परंतु ते बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती.

दार गजभियांनीच उघडले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खोचलेला; इस्त्रीची गडद फुल पँट. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेला होता. त्यांनी दाजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मग पुन्हा वर.

“या. बसा. पाय या स्टुलावर ठेवा.”

“आधी बोलतो, मग बसतो,” दाजी वॉकरला धरून उभे राहिले. टेबलावर ते पार्सल होते. “ती चूक हाय. शिंप्याची. पण कापड माझं, शिंपी माझा, म्हणजे चूक माझी. गजभिये साहेब, मला तुमचा अपमान करायचा असता तर मी तोंडावर केला असता. पार्सलनं नाही.”

“ते मला ठाऊक आहे,” गजभिये म्हणाले. “तोंडावर आपण केलेला आहे.”

लग्नाच्या बोलणीच्या पहिल्या बैठकीला मी नव्हतो. तिथे काय झाले हे मला ताईने कधी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

“केलाय,” दाजी म्हणाले.

“त्यामुळं पार्सल उघडल्यावर मला आधी ती बैठक आठवली. शिंपी नंतर आठवला. मी गैरसमज करून घेतला नाही, असं म्हणणार नाही. करून घेतला. आता बसा.”

दाजी बसले. गजभियांच्या पत्नीने पाणी आणून दिले आणि उशी आणून ती स्वतः दाजींच्या टाचेखाली सारली.

“माझ्या आजोबांनी एकदा गावात अंगभर, स्वच्छ कपडे घातले,” गजभिये म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. एखाद्या बंधाऱ्याची पाहणी सांगावी तसे ते बोलत होते. “त्यासाठी त्यांना मार बसला. वडील नागपूरला आले, गिरणीत लागले. पहिल्या पगारात त्यांनी फुल पँट शिवली. आम्हां भावंडांना हाफ पँट शाळेपुरती. शाळेतून आलं की बदलायची. सुगत मला हसतो, की बाबा झोपताना तरी पट्टा काढा. उन्हाळ्यात गरम होतं. नाही असं नाही. पण सवय मोडत नाही आणि मला ती मोडायचीही नाही. म्हणून ही मी घालणार नाही, हरगुडे साहेब. आपल्या जोडीच्या रीतीसाठीसुद्धा नाही.”

“घालायची नाहीच. मी ती परत न्यायला आलोय.” दाजींनी ग्लास खाली ठेवला. “मला हे म्हाईत नव्हतं.”

“आपण विचारलं नव्हतं.”

“नव्हतं विचारलं.” दाजी आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागले, जणू ते आत्ताच कोणीतरी तिथे आणून ठेवले होते. “आणि मी हीच घालून तुमच्या दारात आलो. दुसरं काही चढत नाही ह्या लोखंडावरून.”

“ते वेगळं. दोन जिने चढून आलात. मी गॅलरीतून पाहिलं, आपण गाडीतून उतरलात तेव्हापासून. खाली मदतीला यायला हवं होतं, खरं तर.” गजभियांनी दाजींचा वॉकर भिंतीशी नीट लावला. “म्हटलं, येऊ द्यावं.”

दाजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग ते हसले, मोठ्याने, यार्डात लिलाव मनासारखा सुटल्यावर हसतात तसे. गजभिये हसले नाहीत. पण त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

“आता जरा उभे राहा,” चहा झाल्यावर ते म्हणाले. “वळा. हं. ही बंडी फुल पँटीच्या मापाची आहे. हाफ पँटीवर ती दीड इंच वर घ्या. नाहीतर लांबून पाहणाऱ्याला, खाली काही घातलंय की नाही, अशी शंका येते.”

“शास्त्रज्ञ, हे तुला दिसलं नाही?”

मला दिसले नव्हते. मी बाष्पीभवन पाहिले होते. प्रमाण पाहिले नव्हते.

“आणि तो बूट काढा. एका पायात बूट, एका पायात चप्पल. लोकांची नजर आधी तिथं जाईल. दोन्ही पायांत सारख्या, साध्या, काळ्या सँडल. मोजे अजिबात नाहीत.” त्यांनी टेबलावरचे पार्सल उघडले, बंडी काढून खांद्याशी धरली. “बंडी मी घालतो. पँट माझी माझी. जोडी कमरेच्या वर राहील. चालेल?”

“पळेल,” दाजी म्हणाले. आणि मग, कोणी न विचारता, “रविवारी मी दारात असणार हाय.”

“किती वेळ?”

“सगळे येईपर्यंत.”

गजभियांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर उभे राहू नका म्हटल्याचे मी सांगितले.

“मग मी येतो शेजारी.”

“असं कसं!” दाजी उसळून म्हणाले. “व्याही दारात उभा राहत नसतो. व्याह्याला दारातून मानानं आत घ्यायचं असतं.”

“मग मला आत घ्या. मी परत बाहेर येतो. त्याला कितीसा वेळ लागणार?”

नोंदणी शुक्रवारी उरकली. माणसांसमोरचे लग्न रविवारी. मांजरीच्या त्या लॉनच्या कमानीत दाजी डोक्याला फेटा, अंगात दीड इंच वर घेतलेली बंडी आणि पायांत काळ्या सँडल घालून वॉकरशिवाय उभे राहिले. एक हात कमानीच्या खांबावर होता, पण बेताने, सहज ठेवल्यासारखा. साडेनऊलाच ऊन पांढरे झाले होते आणि पुरुषमंडळींच्या टेरिकॉटच्या पाठी काळवंडू लागल्या होत्या. गजभिये सहकुटुंब आले. दाजींनी त्यांना हार घातला, वॉकर धरून आत नेले, बसवले आणि ते पुन्हा कमानीत आले. ठरल्याप्रमाणे गजभिये उठले आणि परत बाहेर येऊन दाजींच्या डाव्या हाताला उभे राहिले. खांद्यापासून कमरेपर्यंत दोघे एका रंगाचे. त्याखाली एकाची इस्त्रीची काळी फुल पँट आणि दुसऱ्याचे गुडघे.

यार्डाची मंडळी दोन टेम्पो करून आली. पुढे पांडबाशेठ, दाजींच्या गाळ्याशेजारचे वयोवृद्ध आडते; यार्डात काय चालते आणि काय चालत नाही, हे बहुधा तेच ठरवतात. त्यांनी दाजींच्या तोंडाकडे पाहिले. मग नजर खाली गेली, गुडघ्यांवर थांबली, रिंगांवर थांबली. मागची माणसे, ते काय बोलतात याची वाट पाहत होती.

“संभाजी,” पांडबाशेठ म्हणाले, “लई तरास काढलास की.”

“माझं राहू द्या, शेठ. आधी ह्यांना नमस्कार करा. हे माझे व्याही.”

पांडबाशेठ गजभियांकडे वळले. दोन्ही बंड्या पाहिल्या. रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी हात जोडले आणि चांगले कमरेत वाकले. गजभियांनी तितकेच वाकून उत्तर दिले. त्यानंतर मागच्या माणसांपुढे फारसा पर्याय उरला नाही; एकामागून एक जण आधी गजभियांना आणि मग दाजींना हात जोडत आत गेला. गुडघ्यांचा विषय, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, पहिल्या टेम्पोबरोबर संपला.

अर्धा तास होऊन गेला. मी खुर्ची आणून दाजींच्या मागे ठेवली. त्यांनी ती मोकळ्या हाताने मागे सारली. त्यांचा उजवा पाय कापत होता आणि खांबावरच्या हाताची बोटे पांढरी पडली होती.

“दाजी, बसा.”

“गप. माणसं येतायत.”

गजभिये पाहत होते. येणाऱ्या एका कुटुंबाला नमस्कार करून झाल्यावर ते दाजींच्या कानाशी झुकले. “एक सांगू का? माझे गुडघे फार दुखतात. वय झालं. पण आपण उभे असताना मी बसलो, तर ते बरं दिसणार नाही.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का!” दाजींचा आवाज मंडपापर्यंत गेला. “दिग्विजय! उभा काय राहिलास? व्याह्यांना खुर्ची आण. दोन आण, दोन! ते एकटे कसे बसतील?”

मी दोन खुर्च्या कमानीखाली शेजारी शेजारी मांडल्या. दाजी बसले, पाय लांब केला आणि त्यांच्या तोंडून एक दीर्घ श्वास बाहेर पडला. गजभिये त्यांच्या शेजारी बसले. येणारी माणसे आता दोघांपुढे वाकून आत जाऊ लागली.

गजभियांचे गुडघे दुखत असल्याचा पुरावा मला मिळाला नाही. जेवणाच्या वेळी ते हातात जिलेबीचे ताट घेऊन यार्डाच्या पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत आग्रह करत फिरत होते, आणि त्यांची चाल व्यवस्थित होती. हे निरीक्षण दाजींना कळवण्याचे मला काही कारण दिसले नाही.